केशरबाईंचा हट्टी पेशंट

ठाण्यातल्या एका इस्पितळात केशरबाईंनी पुरुषांच्या वॉर्डात एकवीस वर्षं आयाचं काम केलं. त्या काळात एकाही पेशंटने त्यांनी दिलेलं बेडपॅनचं भांडं रिकामं परत पाठवलं नाही. लाजाळू मास्तर असोत की तापट फौजदार, केशरबाईंपुढे सगळे मोकळे होत. "पेशंट हट्टी नसतो, आपलंच काहीतरी चुकतं," असं त्या म्हणायच्या. डॉक्टर बदलले, मेट्रन बदलल्या, पण हे वाक्य कधी बदललं नाही.

अशा बाईची अब्रू १९८७ साली त्यांच्याच बोक्याने घालवायला घेतली.

बोक्याचं नाव दिवाणजी. वय सहा वर्षं, रंग पिवळा आणि चेहरा कायम कुणाचा तरी अर्ज नामंजूर केल्यासारखा. कळव्याच्या आमच्या चाळीत, मोरीशेजारच्या राखेच्या घमेल्यात दिवाणजी सहा वर्षं बिनचूक जात होते. चाळीतली काही पोरं पाहता हे कौतुकाचंच होतं.

त्या एप्रिलात सात वर्षांपूर्वी लावलेला गॅसचा नंबर लागला. केशरबाईंनी चाळभर पेढे वाटले आणि कोळशाची शेगडी बहिणीला देऊन टाकली. शेगडीच गेल्यावर घमेल्यात घालायला राख कुठली? शेजारच्या बांधकामावरून त्यांनी छान धुतलेली रेती आणली. घराला बढती मिळाली, मग बोक्याला का नको?

दिवाणजींनी रेती हुंगली, एक पाय ठेवला, तो झटकला आणि गेले निघून.

सोमवारी बेसनाच्या उघड्या डब्यात प्रसाद मिळाला. बुधवारी बुद्धपौर्णिमेसाठी आणलेल्या रांगोळीच्या परातीत. आणि शुक्रवारी शिवरामभाऊंच्या कॅरमबोर्डावर, ऐन क्वीनच्या जागी! शिवरामभाऊ म्हणजे केशरबाईंचे यजमान आणि चाळीचे कॅरम चॅम्पियन. ते सोंगट्या मांडायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"केशर! रविवारी नामाचा टेंपो शीळफाट्याला चाललाय. हा त्यात जाणार. गोणीत घालून!"

"अहो, आजारी असेल तो."

"आजारी? नेम बघ त्याचा! मला एवढा साधत नाही."

शेजारची मंजुळा तेवढ्यात डोकावली. "मावशी, सगळ्या वॉर्डाला वळण लावलंत, आणि घरचाच पेशंट ऐकेना होय?"

हे मात्र वर्मी लागलं. केशरबाईंनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि वॉर्डात ठेवतात तसा चार्ट आखला: वार, वेळ, जागा. शनिवारी त्यांच्या नव्या टाल्कम पावडरीचा डबा लवंडला होता, तिथली नोंद झाली. रविवारी सकाळी त्या चार्टकडे बघत बसल्या. बेसन. रांगोळी. कॅरमची पावडर. तोंडाची पावडर. त्यांनी घमेल्यातली रेती चिमटीत घेऊन चोळली. बोटांना टोचली.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "ह्याला मऊ लागतं! सहा वर्षं राखेवर बसलेला माणूस, त्याला मी खडीवर बसवलं!"

खाली टेंपोचा हॉर्न वाजला. शिवरामभाऊंनी दिवाणजींना गोणीत घातलं होतं, नुसतं तोंड बाहेर, आणि त्या तोंडावर तोच नामंजुरीचा भाव.

"अर्धा तास थांबा!" म्हणत केशरबाई घमेलं घेऊन धावल्या त्या थेट नाक्यावरच्या परशुराम इस्त्रीवाल्याकडे. कोळशाच्या इस्त्रीतली कालची राख गाडीखाली थंड पडली होती.

"मावशी, गॅस परत केला की काय?"

"नाही रे, पेशंट अडलाय. भर लवकर!"

घरी येऊन त्यांनी राख पिठाच्या चाळणीने चाळली. गोणी सोडली. दिवाणजी घमेल्यासमोर उभे राहिले. दारात सतरा माणसं, त्यात हॉर्न सोडून वर आलेला नामाही. दिवाणजींनी सतरा जणांकडे पाहिलं आणि ते खाली बसले. जमिनीवर. नुसतेच.

"बघ," शिवरामभाऊ म्हणाले. "चल रे नामा."

तेव्हा केशरबाईंचा वॉर्डातला आवाज लागला. "पडदा! माणसं टक लावून बघत असली तर कुणाला होईल? तुम्हाला होईल का हो? फिरा सगळे!"

सतरा माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शिवरामभाऊही फिरले, एकवीस वर्षांत त्या आवाजापुढे फौजदार फिरले होते. कुणी खोकेना. मग मागून आवाज आला: खर्र, खर्र, खर्र. थोडी शांतता. पुन्हा खर्र, खर्र, या खेपेला झाकल्याचा.

चाळीत टाळ्या पडल्या. नामाने खाली जाऊन तीनदा हॉर्न वाजवला. मंजुळेने उरलेल्या बेसनाचे लाडू करायची सूचना केली, ती एकमताने फेटाळली गेली.

केशरबाईंनी शांतपणे पेन्सिल घेतली. रविवार. नऊ वाजून दहा मिनिटं. जागा: घमेलं. मग त्यांनी रिकामी गोणी झटकून नवऱ्याच्या हातात दिली.

"आता हिचं काय करू?" शिवरामभाऊंनी विचारलं.

"परशुरामकडे जा. आठवडाभराची राख मावेल तिच्यात."