सात सह्या, पाच गाड्या

१३ डिसेंबर १९६१, बुधवार, सकाळी साडेनऊ. पनवेलजवळ पळस्पे फाट्यावरच्या आमच्या कॅम्पमध्ये, एका तंबूत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. हजर होते मेजर साहेब, नोंद घेणारे एक लेफ्टनंट, आमचे सुभेदार आणि मी, हवालदार दावीद साळवे. प्रश्न दरमहा अठ्ठावीस रुपयांचा होता. सिपाही ड्रायव्हर नामदेव भोईर याच्या विधवेला खास पेन्शन मिळायची की नाही, हे ठरायचे होते. मृत्यू गाडीतल्या बिघाडाने झाला असेल तर मिळणार. ड्रायव्हरच्या बेफिकिरीने झाला असेल तर नाही.

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी गोव्याच्या रस्त्याने सामान पोचवायला आली होती. बावीस तीन-टनी ट्रक. त्यातले सात माझ्या सेक्शनचे. साडेपाचला रोलकॉल, साडेसातला गाड्यांची तपासणी. सेक्शन हवालदाराने प्रत्येक गाडीत स्वतः बसून ब्रेक दाबून पाहायचा आणि मगच वर्क टिकटावर, म्हणजे गाडीच्या रोजच्या परवान्यावर, सही करायची. सहीशिवाय गाडी हलत नाही.

कंपनीत ख्रिस्ती मी एकटा. रम घेत नाही, शिवी देत नाही, जेवणाआधी डोळे मिटतो, म्हणून माझे नाव 'पाद्री' पडले होते. एकोणीस वर्षांत त्याची सवय झाली होती. त्या महिन्यात मात्र थट्टेला धार आली. पलीकडून तुझे पोर्तुगीज मामा गोळ्या झाडतील तेव्हा काय करशील, गुडघे टेकशील का, असे रोज कोणीतरी विचारी. माझे वडील नगरकडच्या खेड्यात शाळामास्तर होते. गोवा मी फक्त नकाशावर पाहिला होता. ते सांगून उपयोग नव्हता. एकदा माझ्या ताटलीत कोणीतरी चिखलाने क्रूस काढून ठेवला. मी ताटली धुतली आणि जेवलो.

नामदेव वेगळा होता. तो आपट्याचा आगरी, वय सव्वीस. थट्टा तोही करायचा, पण शेजारी बसून. "हवालदारसाब, माजा पन नाव सांगा तुमच्या देवाला. आमचा देव जत्रेला गेला हाय."

१० तारखेला रविवार होता. पनवेलात तेव्हा तीन ख्रिस्ती कुटुंबे होती. ती एका कंपाउंडरच्या घरी प्रार्थनेला जमत. मी कॅप्टन साहेबांकडून आठ ते दहाची परवानगी घेतली. सुभेदारांना ते आवडले नाही. कॉन्व्हॉय निघायच्या दिवशी देवाला सुट्टी द्यायची असते, असे ते म्हणाले.

निघण्याआधी मी पाच गाड्या तपासल्या. सहावी नामदेवची. तो म्हणाला, "साब, पेडल जरा खाली जातंय." मी घड्याळ पाहिले. सात पन्नास.

"आल्यावर बघतो," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा दहा वीस झाले होते. गाड्या रांगेत लागल्या होत्या. मेजर साहेब रस्त्यावर उभे होते आणि सुभेदार टिकटे मागत होते. मी सातही टिकटांवर सह्या केल्या. नामदेवने टिकट हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. माझी सही होती, म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

दहा चाळीसला कॉन्व्हॉय निघाला. मी शेवटच्या, म्हणजे 'टेल' जीपमध्ये वायरलेसवर होतो. कर्नाळ्याची खिंड ओलांडून उतार लागला. अकरा सतराला पुढच्या जीपमधून आवाज आला.

"टेल, सहा नंबर रांग सोडून पुढे येतेय. सारखा हॉर्न वाजवतोय. ओव्हर."

"त्याचा ब्रेक गेलाय. रस्ता मोकळा करा. ओव्हर."

"पुढे बैलगाड्या आहेत. ओव्हर."

त्यानंतर सेटवर काही आले नाही. मी पोचलो तेव्हा ट्रक डोंगराच्या बाजूच्या चरात उलटला होता. रस्त्यावर पेंढ्याने भरलेल्या तीन बैलगाड्या उभ्या होत्या, माणसे आणि बैल शाबूत. नामदेवने चाक डोंगराकडे वळवले होते. अकरा सत्तावीसला तो गेला. त्याचे घर तिथून चार मैलांवर होते.

संध्याकाळी सुभेदारांनी मला बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना कंपनी वाचवायची होती.

"टिकटावर गाडी फिट आहे. सही तुझी आहे. मग वेग जास्त होता, एवढंच सांगायचं."

"वेग जास्त नव्हता, साब."

"मेलेल्याला काय फरक पडतो?"

"त्याच्या बायकोला पडतो."

"तुझी फीत जाईल. आणि लोक काय म्हणतील? पाद्री देवळात गेला म्हणून माणूस मेला."

"ते खरं आहे, साब."

मंगळवारी कंपाउंडर कॅम्पवर आले. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. आपण मूठभर माणसे, आधीच लोक आपल्याला परके म्हणतात, आता प्रार्थनेचे नाव इन्क्वायरीत आणू नकोस, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. दुसऱ्या कामाला गेलो होतो असे सांग, म्हणाले. माझ्यापेक्षा वयाने वडील माणूस. मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवले. हो म्हणालो नाही.

बुधवारी मेजर साहेबांनी शपथेसाठी बायबल समोर ठेवले. मी हात ठेवला आणि सांगितले: गाडी सहा आणि सात मी तपासल्या नाहीत. ड्रायव्हरने ब्रेकची तक्रार केली होती. मी प्रार्थनेला गेलो, परत येऊन न पाहता सही केली.

"याचा परिणाम माहीत आहे?"

"होय, साहेब."

त्या दिवसापासून माझ्याजवळ जेवायला कोणी बसले नाही. एक लान्स नायक समोर येऊन थुंकला आणि म्हणाला, "तुझा देव तुला भेटला. आमचा माणूस गेला."

मला नायक केले. १९६४ साली नायक म्हणूनच निवृत्त झालो आणि पनवेलात एका भातगिरणीत हिशेबनीस लागलो. रविवारी प्रार्थनेला जातो. कंपाउंडर माझ्याशी बोलत नाहीत.

पेन्शन मंजूर झाल्याचे फेब्रुवारी १९६३ मध्ये कळले, तेव्हा रजा काढून आपट्याला गेलो होतो. नामदेवची विधवा हिराबाई ओटीवर जाळे विणत होती. नाव सांगितल्यावर तिने सुई खाली ठेवली.

"तुमी तवा बगितला असता तं?"

"वाचला असता," मी म्हणालो.

तिने सुई पुन्हा हातात घेतली. "मंग आता कशाला आलाव? पैसं तं पोस्टमन पन दील." मी उभ्याउभ्या निघालो. तिने पाणी विचारले नाही. तिचे चुकले असे मला वाटत नाही.

गोव्याच्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत नामदेवचे नाव नाही, कारण लढाई सुरू व्हायच्या आठ दिवस आधी तो गेला. म्हणून येथे लिहितो. सिपाही ड्रायव्हर नामदेव भोईर, मुक्काम आपटा. कर्नाळ्याच्या उतारावर त्याने तीन बैलगाड्या वाचवल्या.

चौदा महिन्यांची थकबाकी तीनशे ब्याण्णव रुपये, आणि पुढे दरमहा अठ्ठावीस. मिळाले हिराबाई नामदेव भोईर हिला. पावतीवर डाव्या हाताचा अंगठा.