बैठकीत झोपणारे भाईसाहेब

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दिग्रसमध्ये दर गुरुवारी दुपारी एक बैठक घ्यायला लागले. मनावर ओझं असलेल्यांनी समाजमंदिरात यावं, चहा प्यावा, वाटलं तर बोलावं, एवढंच. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला पाच दिवस शिकवलं होतं. त्यात मुख्य धडा हा, की सल्ला द्यायचा नाही. मला तोच सगळ्यात जड गेला. म्हणून मी मॅडमनी दिलेलं माहितीपत्रक मोठ्यानं वाचून दाखवायची. तेवढंच तोंडाला काम.

एका गुरुवारी एक सिंधी बाई नवऱ्याला, म्हणजे आमच्या या भाईसाहेबांना, घेऊन आली. दोघं पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेले. तिथं भरदुपारी जमावानं त्यांचं दुकान जाळलं, तेव्हा घरदार सोडून ती दोघं इथं तिच्या दिराकडे आली. दिराचं कापडाचं दुकान होतं.

"ये सोते ही नहीं, बहनजी," ती म्हणाली. "दरवाज़े को देखते बैठे रहते हैं."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण भाईसाहेब घेत नव्हते. डोळा लागला आणि नेमकं कोणी आलं तर? पासपोर्ट शर्टाच्या खिशात, त्यावर एक हात. तसेच ते भिंतीला टेकून बसले. मी माहितीपत्रक उघडलं. 'तणावाची लक्षणे' हे दुसरं पान संपायच्या आत ते घोरायला लागले.

बायको रडायलाच लागली. तिला वाटलं, आता आम्ही हाकलून देणार. मी म्हटलं, "झोपू द्या."

पुढचे पाच गुरुवार हेच. ते येत, चहा पीत आणि दुसऱ्या पानावर झोपत. बायका मला चिडवू लागल्या.

"बाई, आमच्या घरी येऊन वाचा ना. आमचे हे बी रात्रभर जागून राह्यले."

त्यात एकदा मॅडम पाहणीला आल्या. मी म्हटलं, आता माझं काही खरं नाही. मॅडमनी झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वाचणं थांबवू नका."

शेजारच्या खोलीत शिवणक्लास चालायचा. सहाव्या गुरुवारी तिथली एक मशीन असा खडखडाट करायला लागली, की भाईसाहेब दचकून उठले आणि तडक बाहेर गेले. मला वाटलं, घाबरून पळाले. मी मागोमाग धावले. पाहते तर ते मशीनपुढे उकिडवे बसलेले. शिवणक्लासवाली म्हणत होती, "भाऊ, आठ दिवसांपासून दोरा तुटून राह्यला. मिस्त्री येतो येतो म्हणते अन् येतच नाही."

"शटल ख़राब है," भाईसाहेब म्हणाले. "ये आवाज़ सुनके कौन सोएगा?"

जळालेलं ते दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सहा आठवडे मी त्यांना तणावाची लक्षणं वाचून दाखवली, पण तुम्ही तिकडे काय करत होता, हे काही विचारलं नव्हतं. त्यांनी शटल काढलं, पुसलं, घासलं, परत बसवलं. मशीन सरळ टाका घालू लागली. माझा हेका होता की त्यांना झोप माझ्या आवाजानं लागते. तेव्हा हात पुसता पुसता तेच म्हणाले, "बहनजी, आप क्या पढ़ती हो, मुझे कुछ समझता नहीं. लेकिन यहाँ दस लोग जागते रहते हैं ना."

मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून मी वाचणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं. ते बोलू लागले. गोळ्याही घेऊ लागले. आमच्या बैठकीतल्या बायकांच्या घरोघरी धूळ खात पडलेल्या मशिनी बाहेर निघाल्या. दिरानं दुकानाच्या ओट्यावर कोपरा दिला.

व्हिसाची मुदत वाढवायला त्यांना यवतमाळच्या ऑफिसात जावं लागे. तिथं गेलं की सगळं बायकोच बोलायची. या वेळी मीही सोबत गेले. बाबूनं अर्ज पाहिला आणि विचारलं, "काम काय करता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाईसाहेब एवढ्या मोठ्यानं "मशीन मिस्त्री!" म्हणाले, की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला.

बाबूनं चष्मा वर सरकवला. "दिग्रसले कुठं बसता? आमच्या घरची मशीन दोन वर्षं झाली, बंदच हाये."

"पायवाली या मोटरवाली?"

बाबूला सांगता येईना. अर्ज ठेवून घेत तो म्हणाला, पुढच्या वेळी घरीच येऊन बघा. परतीच्या एसटीत भाईसाहेब खिडकीशी बसून बायकोवर चिडत होते. बाबूला मशीन कोणत्या कंपनीची हे विचारायचं राहिलं, आता सुटा भाग कोणता न्यायचा? ती म्हणत होती, मला काय ठाऊक. वाटेतलं दारव्हा येईपर्यंत दोघं भांडत होते.