बायोस, बत्ता आणि आमची मोरी

टेंभुर्णीच्या माझ्या सासरी मोरीत घसरायची रीत होती. घसरायच्या त्या फक्त बायका. सासूचे, म्हणजे आत्याबाईंचे, समोरचे दात सासरे हयात असताना मोरीत पडून गेले होते. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी माझा डोळा मोरीत काळानिळा झाला. शेजारणी विचारायच्या, आम्ही सांगायचो, त्या मान हलवायच्या आणि आपापल्या मोऱ्यांकडे निघून जायच्या. मोरी मी रोज राखेने घासत असे. तिच्यात शेवाळाचा ठिपकाही नव्हता.

मी नवीन जालन्यातली. लग्नाआधी कॉम्प्युटर हार्डवेअरचा डिप्लोमा केला होता. स्थळं पाहताना वडील तो माझ्या स्वयंपाकाच्या बरोबरीने सांगायचे. नवऱ्याचं खताचं दुकान बसलं तेव्हा त्यालाच सुचलं, की पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढू. दारावर त्याच्या नावाची पाटी लागली, शिकवायचं मी. गावातली पोरंपोरी येऊ लागली, जाफराबादकडच्या जीपमधूनही काही यायची. तो बाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि लोक त्याला सर म्हणायचे. तोवर सगळं ठीक होतं.

मग आम्ही सरकारमान्य कोर्ससाठी अर्ज केला. नियम असा, की ज्याच्याकडे डिप्लोमा, तोच केंद्रप्रमुख. म्हणजे कागदावर माझं नाव. हे कळलं त्या दिवशी त्याने जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. वरणाचा ओघळ कॅलेंडरवरून खाली आला. भाजी बेचव झाली म्हणून मारलं, असं तो म्हणाला. त्यानंतर घरातलं काही ना काही रोज फुटू लागलं, आणि फुटायला काही नसलं की मी होतेच.

केंद्र तपासायला जिल्ह्याहून साहेब येणार होते. त्यांची एक अट होती. बाकीची मशीनं ज्या मुख्य मशीनला जोडलेली, त्यात जास्त मेमरी हवी आणि ते त्यांच्यासमोर न अडखळता चाललं पाहिजे. नाही चाललं तर केंद्र दुसऱ्या गावाला. नवऱ्याने त्याचा अर्थ मला रात्रीच्या भाकरीबरोबर समजावून सांगितला होता.

"केंद्र गेलं तर क्लास बंद. मंग चूल हाये, तू हायेस, आन् मी हाये."

तो हे हसून म्हणाला होता. मला त्याच्या मारापेक्षा त्या हसण्याची भीती वाटली.

मी मेमरीची नवी पट्टी आणली आणि जुनीच्या शेजारी बसवली. मशीन सुरू झालं, पण मेमरी मोजताना निम्म्यावर थांबलं. पट्ट्यांच्या जागा बदलल्या तर पूर्ण सुरू झालं आणि थोड्या वेळाने निळा पडदा देऊन मेलं. एकट्या जुन्या पट्टीवर नीट चालायचं, दोन्ही लावल्या की बिघडायचं. मी सेटिंगमध्ये शिरले आणि मेमरीचा वेग मशीनवर न सोडता हाताने कमी केला. त्याने दम जरा लांबला, मरण टळलं नाही. मी पट्टीची टोकं खोडरबराने घासली, मशीनला शिव्या घातल्या, एकदा तर डब्यावर अशी बुक्की मारली की माझाच हात सुजला. राग मलाही कमी नव्हता. फरक इतकाच, की मी डब्यावर काढायचे.

शेवटी जालन्याच्या चाचांना फोन केला. मशीनं आम्ही त्यांच्याकडूनच घेतली होती. घरी उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, असा त्यांचा कारभार. ते म्हणाले, बेटी, पट्टीचा दोष नाही, बोर्डाचा बायोस जुना आहे. बायोस म्हणजे मदरबोर्डावरच्या एका नखाएवढ्या चिपमध्ये लिहिलेला प्रोग्राम. आपल्यात मेमरी किती, डिस्क कुठे, हे मशीनला जाग येताच ती चिप सांगते. आमच्या चिपला एवढी मोठी पट्टी ठाऊकच नव्हती. चाचांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर फ्लॉपी पाठवली आणि बजावलं, की नवा बायोस लिहिताना लाइट गेली तर चिप अर्धवट राहील आणि बोर्ड खलास. आमच्या यूपीएसची बॅटरी फुगून बाद झाली होती. खाली-वर होणाऱ्या लाइटला स्टॅबिलायझर सांभाळून घ्यायचा, गेलेल्या लाइटला नाही.

आता टेंभुर्णीची लाइट. ती पुरती गेली तर निदान कळायचं तरी. बहुतेक वेळा तीनपैकी एक फेज मंद व्हायचा. बल्ब निखाऱ्यासारखा लाल, पंखा कण्हत फिरायचा. त्यावर गावाने तोड काढली होती. प्रत्येकाच्या ओसरीत मीटरखाली पाटावर फ्यूजच्या तीन खाचा, आणि फ्यूज एकच. लाइट मंद झाली की घरचा गडी उठायचा, फ्यूज या खाचेतून उपसायचा आणि चांगला फेज असलेल्या खाचेत खुपसायचा. सगळी गल्ली एकदम उठायची, खटाखट आवाज यायचे. त्यात क्षणभर घर अंधारात जायचं, पण त्याचं कोणाला काय? फेज बदलणं हे आमच्याकडे पुरुषाचं काम. बाईने फ्यूजला हात लावायचा नाही, आणि पुरुषाने फ्यूज बदलताना बाईला विचारायचं नाही.

मी भर दुपारची वेळ निवडली. घरात सगळ्यांना सांगितलं, मी सांगेपर्यंत लाइटीला हात लावू नका. नवरा आतल्या खोलीत क्रिकेट बघत होता. त्याने हूं केलं. मी फ्लॉपी घातली, लिहायला सुरुवात झाली, पडद्यावर पांढरे चौकोन एकामागून एक भरू लागले. आणि पंखा कण्हला. स्टॅबिलायझर टकटक करत तग धरून होता, चौकोन भरत होते. मी म्हणाले, चल बाई, चल. ओसरीत खट्ट झालं. पडदा काळा. लगेच दुसरं खट्ट, आणि लख्ख लाइट.

मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरला. बाकी काही नाही, ना आवाज, ना अक्षर.

नवरा दारात येऊन उभा राहिला. काम फत्ते केल्यासारखा चेहरा. मी विचारलं, फेज बदललात? तो म्हणाला, मग काय अंधारात मॅच बघू? त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या हाताला सवय होती आणि माझं बोलणं त्याच्या कानाच्या पलीकडे गेलंच नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मी कमी चिडले असते. मी त्याला अक्कलशून्य म्हणाले.

पहिल्याच थपडीत माझं डोकं लोखंडी रॅकवर आपटलं. कानात शिट्टी वाजू लागली. मी हाताला लागला तो कीबोर्ड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. बटणं लाह्यांसारखी उडाली. त्याच्या ओठातून रक्त आलं, ते बघून तो एक क्षण चकित झाला आणि मग पिसाळला. त्याने माझे केस धरून मला खाली पाडलं, पाठीत लाथा घातल्या, आणि कीबोर्ड सुटत नाही म्हणून उजव्या हाताचं बोट धरून मागे मुडपलं. बोट कडकन वाजलं ते मी ऐकलं. त्या क्षणी तो मेला असता तर मला चाललं असतं. हे मी आज थंड डोक्याने लिहिते आहे. दारात आत्याबाई नेहमीसारख्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी त्या हळद-तेल घेऊन आल्या. बोटाला चिंधी बांधली. मग त्या बंद मशीनकडे बघून त्यांनी विचारलं, ते खरंच मेलं का? मी चाचांना पुन्हा फोन केला होता. ते म्हणाले होते, एक जुगाड आहे, पण जिवावरचा. त्याच जातीचं दुसरं मशीन सुरू करायचं, ते चालू असतानाच त्याची चांगली चिप उपटायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर नव्याने लिहायचं. तसं मशीन क्लासात होतं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आन् तवा लाइट गेली तर?"

"मेलेली चिप मेलेलीच राहील. चालू बोर्डही जळायचा."

"मंग फेज कोनी बदलनार न्हाई," त्या म्हणाल्या, आणि भाकरी टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मशीनं उघडली. चांगली चिप खाचेतून काढून तिच्याभोवती आत्याबाईंच्या गोधडीचा दोरा गुंडाळला, म्हणजे चालू मशीनमधून तिला अलगद वर ओढता येईल. ती हलकेच परत बसवून मशीन सुरू केलं. फ्लॉपीवरचा प्रोग्राम वर आला. दुखरं बोट बाजूला ठेवून उरलेल्या बोटांनी दोरा धरला आणि चिप ओढली. मशीन चालूच राहिलं. मेलेली चिप तिच्या जागी दाबली. घामाने बोटं निसटत होती. बटण दाबलं, चौकोन भरू लागले.

आत्याबाई ओसरीत मीटरच्या पाटाला पाठ लावून बसल्या होत्या. पुढ्यात लोखंडी खलबत्ता, त्यात लाल मिरच्या आणि लसूण. एवढी चटणी कोणासाठी कुटतायत, असं मला सकाळीच वाटलं होतं.

पंखा कण्हला. गल्लीत खटाखट सुरू झालं. आतून नवऱ्याची पावलं आली. मी पडद्यावरची नजर काढली नाही. मला फक्त ऐकू येत होतं.

"आये, सर तिकडं."

"न्हाई."

"सर म्हन्तो ना. फेज बदलू दे."

मग एक आवाज आला. ओलं लाकूड मोडतं तसा. त्याच्यामागून नवऱ्याचं ओरडणं. त्याने त्यांच्या खांद्यावरून फ्यूजला हात घातला होता आणि आत्याबाईंनी बसल्या जागेवरून बत्ता त्याच्या मनगटावर घातला होता. त्याने आईला नको ती शिवी दिली, खलाला लाथ मारली, चटणी भिंतभर उडाली. मी मान वळवून पाहिलं. तो डावा हात उगारून उभा होता. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या आणि बत्ता खांद्यापर्यंत उचललेला होता.

"दुसरा बी हात हाये तुला," त्या म्हणाल्या.

तो हात हळूहळू खाली आला. मी पुन्हा पडद्याकडे वळले. शेवटचा चौकोन भरला होता. दोन्ही मशीनं बंद केली, चिपा आपापल्या घरी बसवल्या, दोन्ही पट्ट्या लावल्या आणि मुख्य मशीनचं बटण दाबलं. एक छोटा टुक झाला. मेमरीचा आकडा कुठेही न थांबता शेवटापर्यंत चढला. मी खुर्चीत बसून रडले, आणि नवरा ओसरीत बसून रडत होता. मला त्याची अजिबात कीव आली नाही. त्याला शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून जाफराबादला नेलं, प्लास्टर करून आणलं.

तपासणीचे साहेब आले. मुख्य मशीन त्यांच्यासमोर तासभर चाललं. चहा घेताना त्यांनी माझं चिंधी बांधलेलं बोट पाहिलं, मग कोपऱ्यात गळ्यात हात अडकवून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि यांना काय झालं, असं सहज विचारलं. नवऱ्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी आत्याबाई बोलल्या. पडलेल्या दातांच्या फटीतून, बशीत चहा ओतता ओतता, अगदी शांतपणे.

"मोरीत घसरला."

साहेबांनी मान हलवली आणि कागदावर सही केली. आत्याबाई पुढची सात-आठ वर्षं जगल्या. बत्ता त्यांनी नंतर कधी स्वयंपाकघरात नेला नाही, तो मीटरखालीच असायचा. आमच्या घरात त्यानंतर मोरीत कोणी घसरलं नाही.