पदर धरला वं ताई

रविवारी दुपारी माधवी टेंभे दिवाणावर आडवी होते, तेव्हा झोपायचा तिचा काही बेत नसतो. माळ्यावरचं खोकं उतरवलंय, त्यातलं भंगार निवडायचंय. हातात तिचा जुना हेडफोन आहे, एका कानाचा फोम पार उडालेला. शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो आणि तो ऐकू येऊ नये म्हणून ती हेडफोन कानांवर चढवते. त्याची वायर कशालाच जोडलेली नाही, फरशीवर नुसती लोंबते आहे. सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आठवडाभर रक्ताच्या नळ्या हाताळून आलेली बाई, पाठ टेकली की डोळे मिटणारच. मिक्सर दूर जातो, मग पंखाही दूर जातो.

"पदर धरला वं ताई," कानात कुणीतरी म्हणतं.

माधवी दचकत नाही. आवाज प्रल्हाद ढोकेचा आहे, आणि या हेडफोनमधून दुसरा कुणाचा येणार? प्रल्हाद पुलगावचा, पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचा त्याचा धंदा. सहा वर्षं दोघं रोज संध्याकाळी एका ऑनलाइन खेळात, एकाच टोळीत होते. तो तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे, ही मागे उभी राहून सगळ्यांच्या जखमा भरणार. प्रत्यक्षात भेट कधी झाली नाही, फोटोसुद्धा पाहिला नाही. त्याला जाऊन आता दीड वर्ष झालंय. हे तिला झोपेतही ठाऊक आहे, फक्त आत्ता ते टोचत नाही.

त्या खेळात एक सोय होती. एक बटण दाबलं की आपलं पात्र दुसऱ्याच्या पात्रामागून आपोआप चालत राहायचं आणि आपण खुर्ची सोडून उठायला मोकळे. टोळीने त्याला नाव दिलं होतं पदर. जेवायचं असलं, दुकानात गिऱ्हाईक आलं, पोर रडलं, की माणूस म्हणायचा, पदर धरला. परत आला की म्हणायचा, आलो, पदर सोडला. नियम एकच होता. ज्याचा पदर धरलाय त्याने जपून चालायचं, आणि मागचा परत येईपर्यंत खेळ बंद करायचा नाही. दहा जणांत भांडणं पुष्कळ झाली, पण हा नियम कुणी मोडला नव्हता.

तो माधवीने मोडला. एका गुरुवारी प्रल्हाद पदर धरून जेवायला गेला आणि ही दलदलीच्या मधोमध थांबली. थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली आणि संगणक बंद करून टाकला. पुन्हा कधी उघडला नाही. प्रल्हादचा निरोप आला, तोही वाचला नाही. वर्षभराने जुन्या ग्रुपवर कळलं, झटका आला आणि गेला. तेव्हापासून एकच गोष्ट तिला खाते. तो जेवून परत आला असेल, तेव्हा त्याने काय पाहिलं असेल?

ती दिवाणावरून उठते तर समोर रुग्णालयाचा लांब बोळ आहे आणि हातात नळ्यांचा ट्रे. मागे पावलं वाजतात. ती वळून बघते. चेहरा रुग्णालयाच्या फाटकावरच्या वॉचमनचा आहे. प्रल्हादचा कधी पाहिलाच नाही, तेव्हा झोप तरी कुठून आणणार? जो हाताशी सापडला तो लावून दिलाय. त्याने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलंय.

चालता चालता तो टोळीतल्या एकेकाची चौकशी करतो. नगरच्या जोडीचं भांडण मिटलं का, चिपळूणच्या पोराचं लग्न टिकलं का. तिने कुणाचीच खबर ठेवलेली नाही आणि त्याची तिला लाज वाटते. बोळातली फरशी ओली होत जाते. पुढच्या दारातून आत गेल्यावर तो तिच्या शाळेचा व्हरांडा आहे आणि घोट्यापर्यंत चिखल. आता मागे चित्रकलेचे गुरुजी आहेत, आवाज मात्र तोच.

"काहून गेली वं ताई?"

तिच्याकडे कारणं तयार आहेत, इतक्या वेळा मनात घोकलीत. ती सांगत सुटते. रोज वीस लांडग्यांची कातडी आणायची, एक दिवस चुकला की बक्षीस कमी, म्हणजे हजेरीपटच की. सात महिने खपून मिळवलेली ढाल, आणि नव्या बदलानंतर तिच्याहून चांगली नवख्याला पहिल्याच दिवशी फुकट. दहाचे चार झाले, चाराचे दोन. मोठ्या गुहेला दहा माणसं लागतात, मग दोघांनी करायचं काय, तर दलदलीत फिरायचं. आणि सहा वर्षांत त्या खेळातलं आभाळ तिने कधी नीट पाहिलं नाही. नजर सगळा वेळ दुसऱ्यांच्या जिवाच्या हिरव्या पट्ट्यांवर. कामावर दिवसभर तेच, घरी येऊनही तेच.

प्रल्हाद सगळं ऐकून घेतो. ओढणीला किंचित ताण बसतो.

"हे तर मले बी ठाऊक होतं. मग तू एवढे दिवस काहून येत होती?"

"तू यायचास म्हणून," माधवी म्हणते. "तू एकटा पडशील असं वाटायचं."

मागची पावलं चिखलात पचपचत जवळ येतात.

"मी तू येत होती म्हणून येत होतो," तो म्हणतो. "दोन वर्षं. त्या दिवशी जेवाले गेलोच नव्हतो, ताई. दुकानात शटर पाडून बसलो होतो. आता बंद करतो, हे तुले कसं सांगावं, याचा इचार करत होतो."

तिला हसू येतं आणि हसता हसता रडू फुटतं. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, एकमेकांसाठी म्हणून वीस वीस लांडगे. ती विचारते, मग आलास तेव्हा काय पाहिलंस. तो म्हणतो, दलदल होती, मी होतो, तू नव्हती. आधी बरं वाटलं, सुटलो म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी बी.

"एक शबुद बोलाले पाहिजे होता, ताई."

"हो," ती म्हणते. "बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं, प्रल्हाद."

तो नाही म्हणत नाही. उगाच समजूतही घालत नाही, आणि तेच तिला बरं वाटतं.

व्हरांडा संपतो तिथे खेळातल्या गावाची वेस आहे. कमानीखाली त्यांच्या प्रयोगशाळेची खिडकी, पण आत कुणी नाही. इथे कुणालाही मारता येत नसे, इथवर आणलं की मागच्याची जबाबदारी संपायची. माधवी फार हळू चालते आहे. खड्डा आला की वळसा घेते, बांबूच्या काटक्या पायाने बाजूला सारते. कमान येते. वर आभाळ आहे, जांभळं, मोठं, आणि ती पहिल्यांदाच मान वर करून ते बघते.

"आलो वं ताई," मागून आवाज येतो. "पदर सोडला."

ती वळते.

अजित, तिचा नवरा, दारात उभा राहून चहा टाकू का विचारतोय. ऊन दिवाणाच्या पायाशी आलंय, मिक्सर थांबलाय, हेडफोन कानांवर तसाच. माधवी उठून बसते. तिचे दोन्ही हात पोटावर आहेत. ओढणीचं टोक दिवाणाच्या मागच्या कडेवरून खाली लोंबतंय, तिथवर तिचा हात पोचत नाही. ती ते ओढून घेते. टोक मुठीएवढं चुरगळलंय, सुरकुत्या घट्ट, आणि कापड अजून कोमट आहे.

चहा मीच टाकते, ती अजितला सांगते. ओढणी खांद्यावर घेते, सुरकुत्या सारख्या करत नाही. आणि स्वयंपाकघराकडे नेहमीच्याच चालीने जाते, मागे वळून न बघता.