गोलमध्ये कोणाला उभं करायचं?

आमच्या हॉकी क्लबच्या मुली त्या रविवारी सकाळी लीग स्पर्धेत चार गोल खाऊन हरल्या, आणि खरी मॅच त्यानंतर पोह्यांच्या ठेल्यावर सुरू झाली.

मी या संघाची मॅनेजर. तरुणपणी याच क्लबच्या गोलमध्ये उभी राहायचे. आमची कोच माझी तेव्हापासूनची मैत्रीण, ती सेंटर फॉरवर्ड खेळायची. तिनं आयुष्यभर गोल मारायचा विचार केला आणि मी अडवायचा. त्यामुळे आपल्यावर गोल झाला की तिच्या मते चूक गोलकीपरची असते. माझ्या मते ती बॉल गोलकीपरपर्यंत येऊ देणाऱ्या बाकीच्या दहा जणींची असते. या एका मुद्द्यावर आमचं पंचवीसेक वर्षांत कधी जमलेलं नाही.

तिनं पोह्यांवरच्या तिखट तर्रीतले चणे चमच्यानं वेचले आणि प्लेटच्या कडेला मांडले.

"हे पाह्य, हा आपला फुलबॅक. हा त्यांचा फॉरवर्ड. बॉल इथून आला. आता सांग, आपली मोठी गोलकीपर कुठं होती?"

"लाइनवर. जिथं असाले पाहिजे तिथं."

"लाइनवर कायले? पुढं काहून नाही आली वं? उजव्या पायाखालून दोन गोल गेले तिच्या. दोन!"

"आणि तुह्या फुलबॅक काय करून राहिल्या होत्या? त्याच्यावर बोल ना!" असं म्हणून मी तिचा फुलबॅक उचलला आणि खाऊन टाकला.

ठेलेवाला हसला. आम्ही दोघी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

आमच्याकडे गोलकीपर दोन. मोठी तिशी ओलांडलेली, एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्या बाजूला खाली जायला तिला क्षणभर उशीर होई. पण आवाज काय होता तिचा! मागून ती सारखी ओरडत असायची: "डावीकडं सरक, तिले धर, बॉल सोड!" मागे कोणीतरी सगळं बघतंय, हा भरवसा त्या आवाजामुळे पुढच्या मुलींना असायचा.

धाकटी बावीस वर्षांची, उमरेडहून एसटीनं प्रॅक्टिसला येणारी. तिच्या पायात वीज होती. फॉरवर्ड गोलसमोरच्या डीमध्ये शिरली की ही अंगावर धावून गेलीच म्हणून समजा. पण तोंडातून शब्द फुटत नसे. फुलबॅक तक्रार करायच्या, "ताई, मागं कोणी आहे का नाही, तेच समजत नाही."

कोचला धाकटीला खेळवायचं होतं. मला मोठीला काढू द्यायचं नव्हतं. आमचा पोह्यांचा दुसरा राउंड होईपर्यंत आवाज इतका चढला की शेजारच्या बाकावरचे दोन गृहस्थ प्लेटा घेऊन आमच्याकडे तोंड करून बसले. त्यातल्या एकानं विचारलंसुद्धा, "मॅडम, दोघींले अर्धं अर्धं खेळवलं तं?"

"नाही!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या सकाळी आमचं एकमत झालं ते एवढंच.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. क्लबचे अध्यक्ष म्हणजे गांधीबागेतले कापडाचे जुने व्यापारी, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. हॉकी स्वतः कधी खेळले नाहीत, पण एक मॅच चुकवत नाहीत. संध्याकाळी दुकानात या, एवढंच म्हणाले.

मी वाटेत मनातल्या मनात मोठीची सगळी बाजू तयार केली. कोचही तयारीनंच आलेली दिसत होती. दुकानाच्या माळ्यावर गादीवर बसलो, चहा आला. काकाजींनी आम्हा दोघींना तोंड उघडायची संधीच दिली नाही.

"पोरीहो, मी ठरवलं. भोपाळची एक गोलकीपर आहे. बात झाली आहे. पुढच्या रविवारपासून ती खेळन. आपल्या दोघी बसतीन बेंचवर."

मी कोचकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते, आणि हे रागाचं लक्षण मला खेळायच्या दिवसांपासून माहीत आहे.

"काकाजी, असं कसं?" ती म्हणाली. "मोठी आठवडाभर शाळा सांभाळून प्रॅक्टिसले येते. धाकटी रोज एसटीचे धक्के खाऊन येते. त्याहिले काय सांगू मी?"

"चार गोल खाल्ले आपल्या गोलकीपरनं."

"चार गोल टीमनं खाल्ले, काकाजी," कोच म्हणाली. "बॉल फुलबॅकच्या हातून सुटला, तवा गेला."

माझा चहा हातातच राहिला. पंचवीस वर्षं मी जे तिला सांगत आले, ते ती गांधीबागेतल्या माळ्यावर, कापडाच्या ताग्यांच्या साक्षीनं बोलत होती! मग मलाही राहवलं नाही.

"आणि मोठीचा पाय कमी पडून राहिला हे खरं आहे, काकाजी," मी म्हणाले. "धाकटीले संधी द्याच लागते. पण आपल्याच धाकटीले."

काकाजींनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "मंग करता काय?"

आणि आपण काय बोलून जातो आहोत हे कळायच्या आत मी म्हणाले, "दोघींले अर्धं अर्धं खेळवतो."

काकाजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ही एक मॅच तुमची. हरलो तं भोपाळवाली येईन. मंग माह्यासंग भांडाचं नाही."

खाली रस्त्यावर आल्यावर कोचनं माझा दंड पकडला. "ठेल्यावरच्या त्या बाप्पाचा प्लॅन विकून आली ना तू!" आणि आम्ही दोघी हातगाड्यांच्या गर्दीत उभ्या राहून पोट धरून हसलो.

प्लॅन ठरला, पण धाकटीचं तोंड कसं उघडायचं? मैदानावर मी तिला ओरडायला सांगितलं की ती मान डोलवायची आणि गप्प राहायची. शेवटी मी तिला आणि मोठीला सीताबर्डीच्या बाजारात बोलावलं, व्हरायटी चौकाजवळ, ऐन संध्याकाळी. ऑटोवाल्यांचे भोंगे, कपडे विकणाऱ्यांच्या आरोळ्या, बसचे ब्रेक. धाकटीला रस्त्याच्या एका बाजूला उभं केलं. मोठी आणि मी पलीकडे गेलो.

"आता आम्हाले सांग कुकडं सरकायचं ते," मी फोनवर तिला म्हणाले. "फोन ठेवते. ऐकू आलं तंच सरकू."

तिचे ओठ हलताना दिसले. ऐकू काहीच आलं नाही. मोठीनं कानावर हात ठेवून नकाराची मान हलवली. दुसऱ्यांदाही तेच. धाकटी रडवेली झाली होती. येणारेजाणारे तिच्याकडे बघत होते, एका टीशर्ट विकणाऱ्यानं "काय पाहिजे ताई?" म्हणून विचारलंही असावं. तेवढ्यात एक ऑटो रिव्हर्समध्ये येत थेट मोठीच्या अंगावर येऊ लागला. मोठीची त्याच्याकडे पाठ होती.

"ताई, डावीकडं!"

तो आवाज त्या बारीक पोरीतून निघाला यावर माझा विश्वास बसेना. मोठी उडी मारून डावीकडे झाली. मी झाले. शेजारची भाजीची पिशवी घेतलेली बाई झाली. ऑटोवाल्यानंसुद्धा हबकून गाडी थांबवली आणि बाहेर डोकं काढून विचारलं, "कोन चिल्लाया?"

मोठी रस्ता ओलांडून धावत गेली आणि तिनं धाकटीला मिठी मारली. मग दोघी तिथंच उभ्या राहून ओरडू लागल्या, आळीपाळीनं: डावीकडं, उजवीकडं, पोस्ट धर, बाहेर ये! लोक जमले. मी पलीकडून टाळ्या वाजवत होते.

रविवारी पहिला अर्धा वेळ मोठी खेळली. एक गोल झाला, तोही तिच्या उजव्या बाजूनंच, पण तिनं त्यानंतर बचाव असा बांधून ठेवला की समोरच्या संघाला डीमध्ये पाऊल टाकणं मुश्कील झालं. मध्यंतराच्या जरा आधी आमचीही बरोबरी झाली. मोठी घामाघूम होऊन बाहेर आली, हेल्मेट काढलं, आणि धाकटीच्या पॅडचे पट्टे स्वतः आवळून दिले.

"माह्यापेक्षा जोरात ओरड," ती म्हणाली. "नाही तं मीच बेंचवरून ओरडन."

धाकटी ओरडली. बाई गं, काय ओरडली! फुलबॅक दचकून मागे वळून बघायच्या. आमच्या सेंटर फॉरवर्डनं दुसरा गोल मारला, तेव्हा कोच माझ्या खांद्यावरच चढायची बाकी राहिली. आणि मग अगदी शेवटी त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. हा अडवला तर मॅच आमची.

मी डोळे मिटून घेणार होते. कोचनं मिटू दिले नाहीत.

"पोस्ट सोडू नको वं!" गोलमधून आवाज आला. त्यांच्या एकीनं बॉल ढकलला, दुसरीनं डीच्या कडेला थांबवला, फटका बसला. धाकटीनं उजव्या पायानं तो उडवला. तो पुन्हा त्यांच्याच स्टिकवर गेला. दुसरा फटका. धाकटी जमिनीवर पडलेली होती, गोल उघडा होता, आणि गोलच्या पोस्टवर, जिथं राहायला सांगितलं होतं तिथंच, आमची फुलबॅक उभी होती. तिनं बॉल स्टिकनं बाहेर ढकलला. शिट्टी वाजली.

मोठी बेंचवरून सगळ्यांत आधी मैदानात पळाली, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासकट. काकाजी स्टँडमधून रुमाल हलवत खाली येत होते आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आपल्या घरच्या पोरी आहेत, घरच्या!" भोपाळचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या स्पर्धेत आम्ही पुढे सेमीफायनलला हरलो, पण तिथंही दोघी अर्ध्या अर्ध्या खेळल्या, आणि अजूनही तशाच खेळतात.

त्या दिवशी मात्र मैदानाबाहेर पडताना कोचनं स्कूटर सुरू केली, मी मागे बसले, आणि ती म्हणाली, "एक सांगू? शेवटचा बॉल गोलकीपरनं नाही, फुलबॅकनं वाचवला."

"आणि फुलबॅकले तिथं उभं कोणी ठेवलं?" मी म्हणाले.

घर येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.