कापलेला कोपरा

शिशिरदांच्या पंचाहत्तरीला झालेला तो प्रकार मी केला. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. (तिला तर मुळीच नाही. हत्यार म्हणून तिचीच नखं कापायची कात्री वापरली होती.)

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली, तेव्हा बायकोचे माधवमामा बागबाजारात होतेच. जन्म इथलाच, निवृत्त प्राध्यापक, आणि छंद एकच : इंग्रजी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या. शेजारचे शिशिरदा त्यांचे जोडीदार. दर रविवारी चहा घेत दोघं एकेक पुस्तक असं तपासायचे, जणू घरात स्थळ सांगून आलंय!

त्यातली एक कादंबरी कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोघांना एकदमच दिसली होती. मामांचा हात आधी पोचला. तेव्हापासून शिशिरदा त्या कपाटाकडे बघून सुस्कारे टाकत. शेवटी त्यांच्या पंचाहत्तरीला मामांनी ती त्यांनाच द्यायचं ठरवलं.

"जावईबापू, तुमचं काम नीटनेटकं. छानशा कागदात बांधून द्या. सांभाळून हं!"

मी पुस्तक उघडतो तर काय, वरच्या कागदी जॅकेटच्या आतल्या घडीवर, कोपऱ्यात, ठसठशीत किंमत! भेट द्यायची आणि किंमत तशीच? विसरले बिचारे मामा! आमच्याकडे आहेराच्या पातेल्यावरचं लेबलसुद्धा गरम पाण्याने काढतात. मी कोपरा कापला. इतका सफाईदार, की स्वतःवरच खूश झालो.

समारंभात शिशिरदांनी कागद सोडला आणि चक्क डोळे पुसले. मग चष्मा लावून छपाईचं पान काढलं.

"आकड्यांच्या ओळीत एकचा आकडा आहे! म्हणजे पहिलीच छपाई!"

टाळ्या! मग त्यांनी जॅकेटची घडी उलटली.

"माधव, किंमत कुठाय?"

"कुठे म्हणजे? तिथेच..." मामांनी पाहिलं आणि मटकन खाली बसले.

मी बायकोच्या कानात विचारलं, "किंमत नसली तर बिघडलं काय?"

"अहो, असं काय विचारता! मागाहून निघालेल्या स्वस्त प्रतींच्या जॅकेटवर किंमत नसते, पहिल्या आवृत्तीच्या जॅकेटची तीच तर खूण. तो कोपराच कापला, तर जॅकेट अस्सल कशावरून?"

मी दोन्ही हात खिशात घातले.

"जॅकेट बदललंस तू!" शिशिरदांचा आवाज चढला. "चांगलं घरी ठेवलंस आणि हे मला चिकटवलंस!"

"मी? शिशिर, तू मला ओळखतोस ना?"

"आज ओळखलं!"

बोलायची वेळ हीच होती. मी धीर केला, पुढे झालो आणि म्हणालो, "झुरळाने खाल्लं असेल."

"सरळ रेषेत?" शिशिरदा गरजले. "झुरळ काय पट्टी घेऊन आलं होतं?"

मामा ताटलीतल्या संदेश मिठाईला हातही न लावता उठले. जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, "बांधताना तुम्ही घडी पाहिली होती?"

"छे! लक्षच नाही गेलं." (हे मी बोललो! अगदी सहज!)

"मग मीच फसलो. कोपरा आधीपासूनच कापलेला असणार, आणि इतकी वर्षं मला दिसला नाही. डोळे गेले माझे." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढ्या माणसांत माझ्या बाजूने बोललात ते तुम्ही एकटेच, जावईबापू."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आहे. रविवारी आता मला बोलावणं येतं. पहिली आवृत्ती कशी ओळखायची ते मामा मला शिकवतात, आणि मध्येच म्हणतात, "तुम्हीच बघा, माझ्या नजरेचा भरवसा नाही." मी बघतो. शेजारच्या गॅलरीत शिशिरदा आमच्याकडे पाठ करून एकटेच चहा पितात. मामांचं लक्ष सारखं तिकडे.

मामांना मी त्यांचा मित्र देणं लागतो आणि डोळ्यांवरचा विश्वासही. शिशिरदांना देणं लागतो ही खुर्ची, जिच्यात बसून मी दर रविवारी त्यांच्या वाटणीची बिस्किटं खातो.