इंजिनाखालचं कव्हर

आमचे शेजारी आपल्या बसक्या, वेगवान गाडीखाली रोज वाकून बघायचे. इंजिनाखालचं कव्हर रस्त्यावरच्या जांभ्याला घासायचं. ‘काढू की ठेवू हो?’ ते मला विचारायचे आणि स्वतःच म्हणायचे, ‘नको, दगड थेट इंजिनाला लागेल.’

एकदा त्यांच्या गाडीतून आम्ही दोघं मालगुंडला जाताना जळका वास आला आणि त्यांनी गाडी थांबवली. कव्हरात अडकलेलं सुकं गवत पेटलं होतं. ‘आधी उतरा, लांब जा!’ ओरडत त्यांनी मला बाहेर ढकललं. एरवी पालीलाही घाबरणारे हे गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन गाडीखाली शिरले. धुरात फक्त त्यांचे पाय दिसत होते. मी हाका मारल्या. ते ओ देईनात. अखेर वितळलेलं कव्हर ओढत ते खोकत बाहेर आले.

गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने परतलो. ‘तुम्हाला काही झालं असतं तर हो?’ ते सारखं म्हणत होते. घर येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.